लाइटहाउस, येरवडा

शिक्षण सुटलेल्या किंवा पुढची वाट न सापडलेल्या तरुणांना प्रशिक्षण व रोजगाराकडे नेणारे पुण्यातील केंद्र. पुणे महानगरपालिकेच्या सहकार्याने ‘पुणे सिटी कनेक्ट’ या उपक्रमातून शहरात अशी केंद्रे उभी राहिली. आज ती लाइटहाउस कम्युनिटीज फाउंडेशन चालवते. प्रवेश मुख्यतः १८ ते ३० वयोगटातील, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलामुलींना मिळतो.

येरवड्यात लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगरसारख्या दाट वस्त्या आहेत आणि जवळच कल्याणीनगर, विमाननगरची कार्यालये. हे अंतर चालत जाण्याइतके असले, तरी ओळख आणि आत्मविश्वासाअभावी ते ओलांडणे कठीण जाते. म्हणून येथे आधी पायाभूत वर्ग होतो. चारचौघांत नाव सांगताना आवाज बसणारी मुलगी इथे आपली आवड आणि बलस्थाने मांडायला शिकते. त्यानंतर समुपदेशन, कौशल्य अभ्यासक्रम आणि नोकरीसाठी साहाय्य असा क्रम असतो.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ व आयटीआय यांनी हाताला कसब देण्याची व्यवस्था केली. अशी केंद्रे तिथवर पोचण्याचे बळ देतात. दहावी-बारावीनंतरच्या नाजूक वळणावर ही सोबत मोलाची ठरते.