इतिहासाध्यापनाकडून गुप्तवार्ता विश्लेषणाकडे : शर्मन केंट यांची कारकीर्द

प्रस्तावना

गुप्तवार्ता म्हटली की हेर, सांकेतिक लिपी व गुप्त मोहिमा यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. तथापि हाती आलेल्या माहितीचा अर्थ लावून तो राज्यकर्त्यांपुढे मांडणे, हे या क्षेत्रातील तितकेच महत्त्वाचे कार्य होय. अमेरिकेत या कार्यास शिस्त लावणाऱ्यांमध्ये शर्मन केंट (१९०३-१९८६) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. केंट मूळचे इतिहासाचे प्राध्यापक होते. इतिहाससंशोधनाच्या पद्धतीने राष्ट्रीय सुरक्षा धोरणास काय दिले आणि ती कोठे अपुरी पडली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विद्यापीठातून शासनात

येल विद्यापीठाची डॉक्टरेट १९३३ मध्ये संपादन केल्यानंतर केंट यांनी तेथेच अध्यापन केले. लुई फिलिपच्या काळातील फ्रान्सची निवडणूक पद्धती हा त्यांच्या १९३७ मधील ग्रंथाचा विषय होता. १९४१ मध्ये युद्धाच्या सावटाखाली अमेरिकन शासनाने विद्वानांचा संशोधन व विश्लेषण विभाग उभारला, तेव्हा केंट त्यात दाखल झाले. आफ्रिकाविषयक गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्त फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या. त्यापूर्वी तेथील बंदरे व लोहमार्ग यांविषयीचे अहवाल या गटाने तयार केले होते. त्यांतील बरीचशी माहिती ग्रंथालयांतूनच मिळालेली होती.

१९४९ मधील आपल्या ग्रंथात केंट यांनी विश्लेषक व धोरणकर्ता यांच्या संबंधाची मीमांसा केली. विश्लेषकाने धोरणकर्त्याची गरज कळेल इतके जवळ, परंतु वस्तुनिष्ठता ढळणार नाही इतके दूर राहावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५० मध्ये सी.आय.ए.मध्ये राष्ट्रीय अंदाज कार्यालय स्थापन झाले. इतिहासकार विल्यम लँगर त्याचे पहिले प्रमुख होते. १९५२ ते १९६७ या काळात ही धुरा केंट यांनी सांभाळली.

शब्दांचे मोल

१९५१ च्या एका अंदाज-अहवालात युगोस्लाव्हियावर आक्रमणाची 'गंभीर शक्यता' वर्तविण्यात आली होती. या शब्दांचा नेमका अर्थ काय, असे विचारले असता केंट यांनी ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण सांगितले. त्यानंतर त्यांनी सहकाऱ्यांना हाच प्रश्न केला. मसुद्यावर सर्वांचे एकमत झालेले असूनही त्यांची उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एकमत केवळ शब्दांवर होते, अर्थावर नव्हते. यातूनच 'जवळजवळ निश्चित' म्हणजे सुमारे ९३ टक्के, 'संभाव्य' म्हणजे सुमारे ७५ टक्के, अशी शब्दांची मोजपट्टी निर्माण झाली. १९६४ मधील लेखात त्यांनी तिचे विवेचन केले. अशा मोजमापास विरोध करणाऱ्या सहकाऱ्यांना ते 'कवी' म्हणत.

१९६२ चा धडा

१९ सप्टेंबर १९६२ रोजी केंट यांच्या कार्यालयाने क्युबाविषयी विशेष अंदाज सादर केला. सोव्हिएत संघ तेथे आक्रमक क्षेपणास्त्रे ठेवील ही गोष्ट त्याच्या आजवरच्या रीतीशी विसंगत ठरेल, असे त्यात म्हटले होते. १४ ऑक्टोबरला यू-२ विमानाने टिपलेल्या छायाचित्रांनी हा अंदाज खोटा ठरविला. विशेष म्हणजे, संस्थेचे संचालक जॉन मॅककोन यांनी ऑगस्टमध्येच वेगळा तर्क केला होता. विमानभेदी क्षेपणास्त्रे कशाच्या तरी रक्षणासाठीच आणली असणार, असे त्यांचे म्हणणे होते. केंट यांनी १९६४ मध्ये या अंदाजाचे समर्थन केले. प्रतिपक्ष मोठी घोडचूक केव्हा करील हे कोणतीही पद्धती सांगू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

निष्कर्ष

हे समर्थन अंशतःच मान्य करावे लागते. क्रुश्चेव्ह यांचा निर्णय चुकीचा ठरला, हे खरे. परंतु पूर्वाधार नाही म्हणून घटना असंभाव्य, हे अनुमान विश्लेषकांचेच होते. इतिहासकारास शेवट ठाऊक असतो, म्हणून त्यास सातत्य दिसते. विश्लेषकापुढे मात्र प्रसंग अपूर्ण असतो. साधनांची चिकित्सा व शब्दांची काटेकोर योजना ही इतिहासाची देणगी केंट यांनी शासनव्यवहारात रुजविली. २००० मध्ये सी.आय.ए.ने आपल्या विश्लेषण प्रशिक्षण संस्थेस त्यांचे नाव दिले, ते उचितच होय. तथापि मोजपट्टी शब्दांतील संदिग्धता दूर करते, गृहीतकातील दोष नव्हे, हे त्यांच्या कारकिर्दीच्या अभ्यासातून स्पष्ट होते.