केशवराव कोरटकर : वकिलीतून उभे राहिलेले सार्वजनिक जीवन

अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत वकिलांचा भरणा मोठा होता. जॉन अ‍ॅडम्स व थॉमस जेफरसन हे दोघेही कायद्याचेच अभ्यासक. हैदराबाद संस्थानाच्या सार्वजनिक जीवनाचा पायाही वकिलांनीच घातला. परंतु त्यांना नवे राज्य निर्माण करावयाचे नव्हते, तसा अधिकारही नव्हता. निजामाच्याच अदालतीत उभे राहून, त्याच्याच कायद्याच्या चौकटीत प्रजेसाठी जेवढी जागा मिळेल तेवढी मिळवावयाची, एवढेच त्यांच्या हाती होते. केशवराव कोरटकर हे या पिढीचे अग्रणी होत.

आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळ या खेड्यात 1867 साली त्यांचा जन्म झाला. वकिलीचा प्रारंभ त्यांनी गुलबर्ग्यास केला. सुभ्याचे ठाणे व मुंबई–मद्रास लोहमार्गावरील स्थानक असल्यामुळे या गावी एकीकडे मोगलाईचा दरबारी कारभार, तर दुसरीकडे सोलापूर-पुण्याकडील नव्या विचारांची वर्दळ होती. 1884 च्या सुमारास फारसी मागे पडून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली होती. पक्षकार मराठी वा कानडी बोलणारा, मिसल उर्दूत, आणि दोहोंच्या मध्ये वकील! शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीचा निकाल त्याच्या भाषेत समजावून सांगणारा हा मनुष्य सहजच गावाचा पुढारी होई.

पुढे केशवराव हैदराबादेस गेले, वकिलीत नावारूपाला आले आणि संस्थानच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. आर्य समाजाचे कार्य त्यांनी हिरिरीने वाढविले. तथापि त्यांची खरी मिळकत म्हणजे शाळा. 1907 साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय व हैदराबादेस विवेकवर्धिनी या दोन्ही संस्था सुरू झाल्या. दोहोंच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. सभा भरविण्यास सरकार साशंक, वृत्तपत्र काढणे दुरापास्त. अशा वेळी शाळा हेच लोकांनी एकत्र येण्याचे ठिकाण ठरले. खासगी शाळांना पूर्वपरवानगीची सक्ती पुढे झाली, त्यावरून सरकारलाही हे उमगले होते असे दिसते.

परंतु या कार्याची एक बाजू मराठी लेखनात फारशी सांगितली जात नाही. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. इतर वक्त्यांची भाषणे शांतपणे ऐकली गेली. मात्र अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांतील काही मराठी मंडळींनी हुर्यो उडविली. राजभाषेच्या दडपणाखाली आपल्या भाषेला आसरा मिळावा म्हणून उभारलेल्या वास्तूत शेजाऱ्याच्या भाषेची ही अवहेलना झाली. दुखावलेल्या तेलुगू तरुणांनी लगेच आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्यांच्यात बुर्गुल रामकृष्णराव होते. तेही वकीलच, शिवाय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे! 1952 साली हेच हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि केशवरावांचे चिरंजीव, बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार, त्यांच्या मंत्रिमंडळात होते. गृहखाते सांभाळणारे दिगंबरराव बिंदूही वकीलच.

केशवराव 1932 साली निवर्तले. त्यानंतरच्या पिढीस अधिक कठीण किंमत मोजावी लागली. उदगीर त्या काळी बिदर जिल्ह्यात होते. तेथील वकील व आर्य समाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा 1938 मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. केशवरावांच्या वाट्याला न्यायासन आले, श्यामलालांच्या वाट्याला कोठडी. सहा वर्षांच्या अंतराने राजवट किती बदलली होती!

1 नोव्हेंबर 1956 रोजी संस्थानाच्या प्रदेशाची भाषावार वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात राहिले. आज केशवरावांचे पुरजळ महाराष्ट्रात आहे, नूतन विद्यालयाचे गाव कलबुर्गी या नावाने कर्नाटकात, तर विवेकवर्धिनी तेलंगणात.