दोन जागांची आघाडी

उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराचा इतिहास आपण बहुतेक वेळा मोठ्या पुढाऱ्यांच्या नावांनी सांगतो. आज त्याच टेबलाच्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांकडे पाहू.

सुमारे तीस वर्षांच्या संघर्षात तिथं साडेतीन हजारांवर माणसं मारली गेली. वस्त्यांमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट स्त्रिया एकत्र काम करत होत्या. राजकीय पक्षांत मात्र त्या फारशा दिसत नव्हत्या. १९९६ मध्ये वाटाघाटींसाठी निवडणूक जाहीर झाली. ‘तुमच्या याद्यांत स्त्रिया घ्या,’ असं या कार्यकर्त्यांनी पक्षांना कळवलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग त्यांनी काही आठवड्यांत स्वतःचाच पक्ष काढला: विमेन्स कोएलिशन, म्हणजे स्त्रियांची आघाडी.

इथं निवडणुकीचा नियम समजून घेतला पाहिजे. ११० पैकी ९० जागा मतदारसंघांतून होत्या. उरलेल्या २० पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन. लहान सशस्त्र गटांशी जोडलेले पक्षही चर्चेत यावेत, हा त्यामागचा हेतू. आघाडीला जेमतेम एक टक्का मतं पडली, पण ती नववी आली. मोनिका मॅकविल्यम्स या कॅथलिक आणि पर्ल सेगर या प्रोटेस्टंट, अशा दोघी आत गेल्या.

स्वागत कसं झालं? त्या बोलायला उठल्या की काही सभासद गाईसारखे हंबरायचे! तरी त्या बसून राहिल्या. १० एप्रिल १९९८ च्या करारात स्त्रियांचा राजकारणातला समान सहभाग, हिंसेचे बळी, एकत्र शिक्षण आणि मिश्र वस्ती हे विषय आले, त्यामागे त्यांचा आग्रह होता. नागरिकांचं सल्लागार मंडळ ही कल्पनाही त्यांचीच. सार्वमतात ७१ टक्के लोकांनी कराराला होकार दिला.

पुढचं मात्र कडू आहे. ते मंडळ २००० मध्ये सुरू झालं आणि २००२ मध्ये विधानसभेबरोबरच थांबलं. १९९८ च्या विधानसभेत मिळालेल्या दोन्ही जागा आघाडीनं २००३ मध्ये गमावल्या. २००६ मध्ये पक्षच विसर्जित झाला.

म्हणून त्या हरल्या असं आपण म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. खुर्ची गेली, पण करारातली वाक्यं राहिली. ती अंमलात आणायला मात्र खुर्ची लागते, आणि शांतता आल्यावर तीच आधी काढून घेतली जाते.