मॉरिशसची हिरवाई नेमकी कुणाची?

मॉरिशसला सुट्टीवर गेलो की विमानातूनच हिरवंगार बेट दिसतं आणि आपण म्हणतो, काय निसर्ग आहे! पण त्यातला बराचसा ऊस. तोही बाहेरून आणलेला. १५९८ मध्ये डच उतरले. त्यांनी एबनीची झाडं तोडली. जहाजांतून आलेल्या डुकरांनी, उंदरांनी अंडी फस्त केली. शंभरेक वर्षांत डोडो संपला. पुढे उसासाठी रान गेलं आणि एकोणिसाव्या शतकात त्याच मळ्यांवर कोकणातून आपलीच माणसं राबायला गेली. १९७४ पर्यंत तिथल्या केस्ट्रेल ससाण्याचे रानात फक्त ४ पक्षी माहीत होते. पैदास करून ती जात वाचवली. तेव्हा एक सकाळ किनारा सोडून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या दरीत जाऊया. मूळचं मॉरिशस थोडंफार उरलंय, ते तिथे.