बाजूची नजर

१९३० साल. गंगाखेडच्या शिवारात तुम्ही उभे आहात. समोरच्या ज्वारीचं कणीस न् कणीस दिसतंय, पण दोन्ही बाजू कापून काढल्यासारख्या झाल्यात. खांदा चौकटीला धडकतो. बाजूनं आलेला बैल अंगाशी येईपर्यंत कळत नाही. “आवो, ध्यान कुणीकडं असतं तुमचं?” कारभारीण काळजीनं विचारते. दृष्ट काढून झाली, अंजन घालून झालं.

तुमचे डोळे निरोगी आहेत. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीत गाठ वाढतेय. तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नाड्या एकत्र येतात आणि बाहेरच्या बाजूचं दृश्य नेणारे तंतू एकमेकांना ओलांडतात. खालून दाब बसला की आधी तेच दुखावतात. अमेरिकेत हार्वी कुशिंग अशा गाठी काढताहेत. इथं निजामाचं राज्य आहे, आणि हिंदुस्थानातला मेंदूशस्त्रक्रियेचा पहिला विभाग वेल्लोरला निघायला १९४९ उजाडायचं आहे. तोवर तुमची नजर टिकणार नाही.

आता १९६८. परभणीहून मीटर गेजची गाडी, मनमाडला गाडीबदल, मग मुंबई. परळच्या केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांचा विभाग आहे. सीटी स्कॅन जगात अजून आलेला नाही. एक्स-रेमध्ये ग्रंथीची हाडाची खोबण रुंदावलेली दिसते, त्यावरून गाठ ओळखायची. कवटी उघडून, मेंदूचा पुढचा भाग हलकेच वर सारून सर्जन नाड्यांपर्यंत पोचतात. वाट लांबची आणि जोखमीची, पण आता वाट तरी आहे.

आज तुम्ही देवगिरी एक्स्प्रेसनं थेट मुंबईला उतरता. एमआरआयमध्ये गाठ दिसते, तिच्यावर ताणलेल्या नाड्याही दिसतात. भूल दिल्यावर नाकपुडीतून दुर्बीण आत जाते, पातळ हाड काढलं जातं, मऊ गाठ आतून खरवडत पोकळ होते. वरचा पडदा हळूहळू खाली उतरतो, नाड्या मोकळ्या होतात. त्यांना ओढायचं नाही, शेकायचं नाही, त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या धमन्या जपायच्या. नाहीतर नाडी शाबूत राहूनही नजर जाते. भूल उतरताच डॉक्टर बोटं दाखवतात. “किती?” तुम्ही सांगता, “दोन.”

या सगळ्या काळात एक तपासणी केव्हाही करता आली असती. डॉक्टरांसमोर बसायचं, एक डोळा झाकायचा, त्यांच्या नाकाकडं बघत राहायचं आणि बाजूनं हलणारं बोट दिसलं की सांगायचं. मग दुसरा डोळा. पाथरी असो, जिंतूर असो की सेलू, तिला यंत्र लागत नाही. चष्मा बदलूनही धूसर दिसत असेल, माणूस वरचेवर धडकत असेल, डोकं दुखत असेल, बाईची पाळी अवेळी थांबली असेल, तर ही तपासणी मागून घ्या. बाजू कमी दिसत असेल तर एमआरआय लांबवू नका. नाडी फार काळ दबून वाळली की उत्तम सर्जनलाही गेलेली नजर सहसा परत आणता येत नाही.