रांगेत मोजलेली किंमत

थीम पार्कच्या सहलीत पैसा आणि वेळ कसा वाचवायचा, या प्रश्नाची उत्तरे दर पिढीला बदलत आली आहेत. पर्यटक अधिक चतुर झाले म्हणून हे घडलेले नाही. उद्यानांनी तिकिटाची पद्धत बदलली की काटकसरीची युक्तीही बदलते, इतका त्यांचा संबंध जवळचा आहे. अमेरिकेतील उद्यानांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. रांग टाळण्यासाठी निघालेल्या बहुतेक सोयींनी वेळ वाचवलेलाच नाही; एकाचा वेळ काढून तो दुसऱ्याच्या पदरात टाकला आहे. सगळ्यांची मिळून खरी बचत दोनच मार्गांनी झाली. तासाला अधिक माणसे नेणाऱ्या राइड बांधल्या गेल्या तेव्हा ती झाली, आणि गर्दी दिवसभरात व वर्षभरात पांगली तेव्हा झाली. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर बचतीच्या नावाखाली कुटुंबे अधिकच खर्च करतात.

सुरुवात न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात तिथे समुद्रकिनारी सुटे खेळ आणि सुट्या राइड होत्या आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे मोजावे लागत. आपल्याकडच्या जत्रेत आकाशपाळण्याचे तिकीट वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, तशीच ती रीत. १८९५ मध्ये पॉल बॉयटनने आपल्या सी लायन पार्कभोवती कुंपण घालून दारावर पैसे घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी जॉर्ज टिल्यूने स्टीपलचेस पार्क उघडले आणि पुढे २५ सेंटच्या एकत्रित तिकिटात आतले बहुतेक खेळ देऊ केले. कुंपणामुळे दारुडे आणि भुरटे बाहेर राहिले, कुटुंबे निर्धास्तपणे येऊ लागली. मात्र त्याच कुंपणामुळे एक नवा हिशेबही जन्माला आला. सुटे पैसे मोजणारा माणूस आवडेल तेवढेच घेतो. एकदाच पैसे भरलेला माणूस ते वसूल करायला बघतो आणि दिवस मावळेपर्यंत हलत नाही. १९२० मध्ये पाच सेंटच्या भाड्यात भुयारी रेल्वे कोनी आयलंडला पोचली आणि उन्हाळ्याच्या रविवारी तिथे लाखोंची गर्दी लोटू लागली. प्रवास स्वस्त झाला, पण तिथली जागा आणि राइड त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नीलँड उघडले, तेव्हा वॉल्ट डिस्नीच्या कंपनीने दोन्ही पद्धतींची सांगड घातली. प्रौढांना प्रवेश एक डॉलर आणि आत प्रत्येक राइडचे वेगळे पैसे. ऑक्टोबरमध्येच कूपनांची पुस्तिका आली. आधी ए, बी, सी अशा तीन श्रेणी होत्या. १९५६ मध्ये डी आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्न, मोनोरेल व पाणबुडीच्या राइडबरोबर ई श्रेणी आली. एका पुस्तिकेत ई कूपने मोजकीच असत, ए आणि बी ही साध्या राइडांची कूपने सोबत येत. म्हणजे सर्वांत मोठ्या राइडवर दिवसभर ठाण मांडून बसता येत नसे. हातातली छोटी कूपने वापरायची तर घोड्याच्या ट्रामकडे किंवा फिरत्या घोड्यांकडे वळावे लागे. त्या काळातली काटकसर ही कूपने जपून वापरण्याची होती. कोणत्या राइडवर ई खर्च करायचे हे आधी ठरवा, उरलेली कूपने पुढच्या खेपेला सांभाळून ठेवा. ती इतकी उरत की अनेक घरांच्या खणांत वर्षानुवर्षे पडून राहिली. उद्यानासाठी ही पुस्तिका कमाईइतकीच गर्दी वाटून देण्याचे साधन होती, ही बाब आज सहसा कोणी सांगत नाही.

पुढच्या दशकात दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची सुधारणा झाली. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नीच्या अभियंत्यांनी चार दालने उभारली. प्रदर्शनाची गर्दी उद्यानापेक्षा कितीतरी मोठी होती आणि एकामागून एक माणूस सोडणारी राइड तिथे टिकली नसती. म्हणून ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ मध्ये पाण्याच्या प्रवाहावर सतत सरकत राहणाऱ्या होड्या आल्या. हा अनुभव थेट डिस्नीलँडला पोचला. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आधी पायी फिरून पाहण्याचे मेणाच्या पुतळ्यांचे दालन म्हणून आखले होते. १९६७ मध्ये ते होड्यांची राइड होऊन उघडले. १९६९ च्या ‘हाँटेड मॅन्शन’चीही तीच कथा. तिथे न थांबणाऱ्या डब्यांची साखळी बसवली गेली आणि तासाला दोन हजारांहून अधिक माणसे आत जाऊ लागली. तुलनेसाठी उडत्या डंबो हत्तींची राइड घ्या. मोजके हत्ती, प्रत्येक फेरीला चढ-उतार, त्यामुळे छोटी राइड असूनही रांग लांबच लांब. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये या राइडची जोडी करून क्षमता दुप्पट केली गेली आणि मुलांना उभे ठेवण्याऐवजी खेळण्याची जागा दिली गेली. अशा सुधारणेत कोणाचाही वेळ दुसऱ्याच्या खिशातून येत नाही. अभियंत्यांनी वाचवलेला तो तास श्रीमंत-गरीब सगळ्यांचा असतो.

कूपने १९८२ मध्ये संपली. टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्जने १९६१ मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनने १९७१ मध्ये एकच तिकीट आणले होते; त्यांच्या स्पर्धेत पुस्तिका क्लिष्ट वाटू लागली. ग्राहकांना हे औदार्य वाटले, आणि अर्थशास्त्रज्ञांनाही हा विषय गंभीर वाटला. वॉल्टर ओइ यांनी १९७१ मध्ये डिस्नीलँडचे उदाहरण घेऊन प्रवेश आणि प्रत्येक राइड यांचे दर वेगळे ठेवण्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. १९८७ मध्ये रॉबर्ट बॅरो आणि पॉल रोमर यांनी बर्फावरच्या घसरणीला नेणाऱ्या लिफ्टच्या निमित्ताने उलट बाजू मांडली: एकच प्रवेशशुल्क असले तरी गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला फेऱ्या कमी येतात, म्हणून दर फेरीची खरी किंमत आपोआप वाढते. या निबंधाचा धडा सामान्य पर्यटकालाही उपयोगी आहे. शंभर डॉलरच्या तिकिटात दहा राइड झाल्या तर एक दहा डॉलरला पडली, चारच झाल्या तर पंचवीसला. कूपन गेले, पण किंमत गेली नाही. ती रांगेत जाऊन उभी राहिली. म्हणूनच १९८५ मध्ये बॉब सेलिंगर यांचे फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डवरील अनधिकृत मार्गदर्शक पुस्तक निघाले आणि कोणती राइड सकाळी आधी, कोणती दुपारी, याची आखणी हा काटकसरीचा नवा मार्ग झाला.

१९९९ मध्ये डिस्नीने फास्टपास आणला. राइडजवळच्या यंत्रात तिकीट सरकवायचे, परतायच्या एका तासाची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी वेगळ्या दाराने आत जायचे. सोय मोफत होती, म्हणून ती सर्वांना समान वाटली. पण राइडची क्षमता तीच होती. तासाला हजार माणसे नेणाऱ्या राइडवर सातशे जागा चिठ्ठीवाल्यांना दिल्या की साध्या रांगेसाठी तीनशेच उरतात. त्यामुळे साधी रांग संथ झाली. शिवाय चिठ्ठी घेतलेला माणूस मधल्या वेळात दुसऱ्या राइडच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी त्याचा नंबर लागलेला असतो. २०१४ पर्यंत फ्लोरिडात ही योजना फास्टपास प्लस झाली आणि कंपनीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी, इतरांना ३० दिवस आधी राइड राखून ठेवता येऊ लागल्या. पैसा थेट लागत नव्हता. माहिती, नियोजन आणि हॉटेलचा खर्च यांच्या रूपाने लागत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये पडदा दूर झाला. फ्लोरिडात माणशी दिवसाला १५ डॉलर भरून जलद रांग विकत मिळू लागली, आणि पुढे दर गर्दीप्रमाणे चढू लागले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कूपनांच्या काळातही ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला ई राइड जास्त मिळत. मग आजच्या विक्रीत नवे काय? फरक असा की कूपन राइडची किंमत सांगत होते आणि ते वापरणारा प्रत्येक जण त्याच रांगेत उभा राहत होता. जास्त पुस्तिका घेणाऱ्यामुळे रांगेत एक माणूस वाढे, पण तो मागेच उभा राही. आजचा जलद पास मागच्या माणसाच्या पुढे जाण्याचा हक्क विकतो. ज्याने प्रवेशाचे पूर्ण पैसे भरले, त्याच्याच दिवसातला वेळ कापून तो दुसऱ्याला विकला जातो आणि हे त्याला कुठेही सांगितले जात नाही. दुसरा आक्षेप असा की जलद पास घेणारे जास्त पैसे देतात, म्हणून बाकीच्यांचे तिकीट स्वस्त राहते. तत्त्वतः हे शक्य आहे. पण या काळात दारावरचे दर उतरलेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नीलँडचे सर्वांत महाग दिवसाचे तिकीट २०६ डॉलरला गेले, आणि जलद पासचे पैसे त्यावर वेगळे. तिसरा आक्षेप माणुसकीचा आहे: ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याने पैसे देऊन तो का वाचवू नये? त्या कुटुंबाला दोष देण्याचे कारणच नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. जी रांग लांब असण्यातून कमाई होते, ती लहान करण्याची निकड कमी होते. आणि नेमकी तीच निकड १९६० च्या दशकातल्या अभियंत्यांना होती.

म्हणून इतिहासातून निघणारा व्यवहारी सल्ला जलद पासापेक्षा पंचांगाकडे बोट दाखवतो. डिस्नीने २०१६ मध्ये दिवसागणिक वेगळे दर सुरू केले आणि गर्दीचे वर्षभराचे चित्र दरपत्रकावर आणून ठेवले. ज्या वेळी सर्वांत महाग तिकीट २०६ डॉलरचे झाले, त्याच वेळी सर्वांत स्वस्त दिवस १०४ डॉलरलाच होता, म्हणजे जवळजवळ निम्म्या दरात. स्वस्त दिवस हाच सहसा कमी गर्दीचा दिवस असल्याने तिथे पैसा आणि वेळ हातात हात घालून वाचतात, आणि ही बचत कोणाच्या वाट्यातून काढलेली नसते. उलट गर्दीच्या दिवशी एक कुटुंब कमी होते. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना याचा विशेष लाभ आहे. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते, तर न्यू जर्सीसारख्या राज्यातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालू असतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यातला मधला वार आणि उद्यान उघडण्याआधी दाराशी पोचणे, एवढ्यावर बरेच साधते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मात्र कोणतीही युक्ती अपुरीच पडते. आपल्याकडेही १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले तेव्हापासून कुटुंबे हाच हिशेब करत आली आहेत, आणि सोमवार ते गुरुवार विरुद्ध शनिवार-रविवार हा फरक इथेही तितकाच खरा आहे.

देवदर्शनाच्या बारीत तासन् तास उभे राहणाऱ्या समाजाला रांगेची शिस्त शिकवावी लागत नाही. पंढरपुरात मुखदर्शनाची वेगळी रांग आहे ती लोकांनी वेळेच्या बदल्यात जवळून दर्शन घेण्याचा आग्रह सोडावा म्हणून. पैशाच्या बदल्यात दुसऱ्याच्या पुढे जावे म्हणून नव्हे. रांगा दोन असल्या म्हणजे अन्याय होतोच असे नाही, दुसरी रांग कोणाचा वेळ खाते यावर ते ठरते. थीम पार्कची पुढची नवी सोय जाहीर होईल तेव्हा ग्राहकाने हाच प्रश्न विचारावा: यामुळे राइड तासाला अधिक माणसे नेणार आहे का, की तेवढ्याच जागा वेगळ्या क्रमाने वाटल्या जाणार आहेत? उत्तर पहिले असेल तर त्या उद्यानाला जास्त पैसे देणेही रास्त आहे. उत्तर दुसरे असेल तर ते पैसे खिशात ठेवावेत आणि कमी गर्दीचा वार निवडावा.