उदास आणि उदासीन

‘उदास’ आणि ‘उदासीन’ हे दोन्ही शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत; त्याचा अर्थ बाजूस बसणें. गीतेच्या बाराव्या अध्यायांत उदासीन असणें हें भक्ताचें लक्षण सांगितलें आहे. पुढें मराठींत ‘उदास’ म्हणजे खिन्न हा अर्थ रूढ झाला, आणि मनाची ही अवस्था आपण आभाळाला, वाड्याला, गांवालाही लावूं लागलों. प्राचीन ग्रीक वैद्यांनीं खिन्नतेचें कारण शरीरांतील काळ्या पित्तांत शोधलें. ‘मेलँकली’ या शब्दाचा मूळ अर्थच तो.

चंद्रपूरजवळील घुग्घुस पाहून ‘गांव मोठें उदास आहे’ असें एखादा प्रवासी सहज म्हणून जाईल. कोळशाच्या धुळीनें तेथें उन्हावरही मळभ आल्यासारखें वाटतें. परंतु या उदासीचें कारण पित्तांत नाहीं. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. नंतरच्या काळांत वर्धेच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी निघाल्या. कोळसा दूरच्या भट्ट्यांत जळाला. पोकळी गांवाखालीं राहिली. २०२२ च्या ऑगस्टांत घुग्घुसच्या आमराई वस्तींतील एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें, आणि शेजाऱ्यांस घरें सोडावीं लागलीं.

अशा ठिकाणीं ‘उदास’ हें विशेषण योजलें, कीं कारण विचारण्याचें काम टळतें. गांव उदास आहे हें खरें. पण त्या कोळशावर दिवे लावणारे आपण उदासीन राहिलों, हेंही तितकेंच खरें आहे.